उमरेडहून टाकलेलं, परत आलेलं पाकीट

मनीषनगर, नागपूर
रविवार

आदरणीय धम्मानंदभाऊजींस,

भैय्याजीचा सविनय जय भीम. प्रेमिलाताईचे गुडघे आता जिना चढू देतात ना? इकडे सर्व ठीक, म्हणजे मी अजून घरीच आहे, तुरुंगात नाही.

झालं असं. सोसायटीचा सचिव या नात्याने मी चौदा मार्चला दुपारी इथे नागपुरात, सोसायटीच्या कार्यालयात बसून एका ठरावावर तिघा सभासदांच्या खोट्या सह्या केल्या, अशी तक्रार पोलिसांत गेली. (मला स्वतःची सही दोनदा सारखी जमत नाही, हे बँकवाले शपथेवर सांगतील.) माझ्या वकील मेघा मॅडम मागेच म्हणाल्या होत्या, की अशील वकिलाला जे लिहितो ते गोपनीय असतं, पोलिसांनी वाचायचं नसतं. मला हे फार आवडलं. मी लगेच 'वकिलाशी गोपनीय' असा रबरी शिक्का करवून घेतला आणि अख्खी दुपार घरातल्या प्रत्येक कागदावर मारत बसलो. गॅसचं पुस्तकही सुटलं नाही. मग झडतीला आलेल्या फौजदारसाहेबांना वाटलं, या घरात काहीतरी भयंकर आहे. त्यांनी कपाटच रिकामं करून नेलं.

मेघा मॅडमनी कोर्टात हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी गठ्ठा पोलिसांकडून काढून स्वतःसमोर घेतला, पहिला कागद वाचला आणि चष्मा काढला.

"चिवड्यात खोबरं किती घालावं, हा सल्ला कोणत्या वकिलाचा?"

मागच्या बाकावरून माझी बायको सरिता उठली. "तो सल्ला मायाच आहे, साहेब, मीच लिहिला." मग माझ्याकडे वळून, "काहून जी, त्याच्यावरही ठप्पा मारला?"

शेवटी एकच खरं पाकीट उरलं. सोसायटीच्या भांडणाबद्दल मी तुमच्याकडून, उमरेडहून, मॅडमना पाठवलेलं. पत्ता चुकल्यामुळे न उघडता माझ्याकडे परत आलेलं. ते वकिलालाच लिहिलेलं, म्हणून बाईंनी तसंच बंद मला दिलं. मी जिंकलो! पण मॅडमची नजर टपालाच्या शिक्क्यावर गेली. उमरेड, चौदा मार्च.

"भैय्याजी, त्या दुपारी तुम्ही उमरेडले होते? मंग हे लपवून काहून राहिले? गोपनीयतेचा हक्क तुमचा आहे, तुम्हीच सोडू शकता. सोडा अन् सुटा."

मी म्हटलं, नको. आत काय लिहिलंय ते फक्त मला ठाऊक होतं. पण सरिता पदराने डोळे पुसत होती. सोडला हक्क.

भाऊजी, ते भर कोर्टात मोठ्याने वाचलं गेलं. "मॅडम, आज चौदा मार्च, दुपारचे तीन वाजले, उमरेडले भाऊजीच्या घरी बसून लिहून राहिलो. ते तीन तासांपासून पेटी वाजवून राहिले, एकच ओळ. मी पोटदुखीचं सोंग करून मागच्या खोलीत पडलो आहे." सरकारी वकीलसुद्धा हसले. मला अटकपूर्व जामीन मिळाला, पण हसू काही आलं नाही. त्या दिवशी पेटी थांबवून तुम्ही तीनदा ओव्याचं पाणी आणून दिलं होतं.

क्षमा असावी.

तुमचाच,
भैय्याजी

ता.क. गुरुवारी पोलीस तुमचा जबाब घ्यायला येतील. मी त्या दुपारी तुमच्याकडे होतो, एवढं खरं सांगावं. रागवायचं ते शुक्रवारी रागवा.

ता.क. २. पत्राला दुसरं पानही आहे. बाईंनी पहिल्यावरच थांबवलं. दुसऱ्या पानात ताईच्या वांग्याच्या भाजीचा विषय आहे. त्यावरचा हक्क मी सोडलेला नाही. ताईला सांगा, फाशी झाली तरी सोडणार नाही.