एक दात जादा

अब्बा, आज सकाळी मला तुमच्या मलकापूरच्या शागीर्दबाईला फोन करावा लागला, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता, आणि पुढेही केला नसता.

माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता. साताऱ्यात गॅरेजं काही कमी नाहीत, पण मी तो स्वतः बदलायचं ठरवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तीस वर्षं पोरांना फिजिक्स शिकवलं, आणि गाडीचं पुस्तक मला वाचता येतं. खरं कारण मात्र दुसरं आहे. नवरा वारल्यावर पदर खोचून तुमच्या गॅरेजात काम मागायला आलेल्या त्या बाईला तुम्ही अख्खं इंजिन शिकवलंत. मला साधा पाना धरू दिला नाहीत.

तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. डबा घेऊन गॅरेजात आलेय, तुम्ही गाडीखाली, आणि बाहेर नुसता हात काढून म्हणता, "सतराचा दे." मी बरोबर सतराचाच उचलते. हात लांब करते तशी तुम्हाला माझी नखं दिसतात, लाल रंगवलेली. तुम्ही सरकत बाहेर येता, पाना माझ्या हातातून काढून घेता. "या हातांना ग्रीस लागायचं नाही. आणि हेही नाही. शिकायला पाठवलंय तुला." नेलपॉलिशची बाटली मी त्याच आठवड्यात घेतली होती. संध्याकाळी ती तुम्ही मागून घेतलीत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. बाटली फेकून दिली असेल असं मी धरून चालले.

तर काल दिवसभर मी पार्किंगमध्ये बसून बेल्ट काढला. वरच्या पुलीची खूण इंजिनावरच्या खाचेसमोर, खालच्या पुलीची तिच्या खाचेसमोर. दोन्ही एकाच वेळी जुळल्या पाहिजेत, मग बेल्ट चढवायचा. तुमचेच पाने वापरले. नवा बेल्ट चढवला, ताणला, आणि आज सकाळी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहिलं. उभं राहिलं की वरची खूण जुळते. वाकून पाहिलं की जराशी सरकते. पुन्हा उभी राहिले, जुळते. डोळा हलला की काटा हललेला दिसतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. पण तिथे इंजिन आणि पत्र्याच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा, समोरून डोळा जातच नाही. बेल्टचा एक दात जरी चुकला असेल आणि मी चावी फिरवली, तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकणार. इंजिन कामातून गेलं असतं. आणि गेलं असतं तुमच्याच पान्यांनी, माझ्याच हातून. तास-दीड तास मी चावी हातात घेऊन उभी होते. मग फोन केला.

ती दुपारच्या आत आली. मोटरसायकलवर. केस पिकलेत, पण दणकट आहे. गाडीकडे न बघता आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "आवं आपा, तुमी आन् ग्रीस! चाचांनी बघितलं असतं तर मलाच बोलले असते."

"खूण जुळतेय की नाही तेवढं सांग," मी म्हटलं.

"खूण न्हाई बघायची. चाचा म्हणायचे, कंपनीची खूण लबाड नसती, आपली मान लबाड असती. दात मोजायचे." ती फरशीवर बसली आणि बेल्टवर बोट ठेवत वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत मोजत आली. "ईस. ह्या इंजिनाला एकोणीस लागत्यात. एक दात जादा हाय."

"तुला पाठ आहे?"

"पाठ न्हाई करून चालतंय व्हय? चुकलं की जेवू देत नव्हते."

मला तुम्ही कधी उपाशी ठेवलं नाहीत. खरं सांगते अब्बा, त्या क्षणी मला त्याचासुद्धा हेवा वाटला.

तिने ताण सैल केला, बेल्ट उतरवला, वरची पुली एक दात मागे घेतली, बेल्ट पुन्हा चढवून ताणला. मग खिशातून एक बाटली काढली आणि ब्रशने पुलीवर न् बेल्टवर लाल ठिपके दिले. बाटली चौकोनी, झाकणाला एका बाजूला चीर. ती चीर माझ्या दातांनी पडली होती.

"ही कुठली?"

"तुमचीच की. चाचांनी सगळी टायमिंगं ह्याच बाटलीनं केली. आतला रंग संपला की दुसरा भरायचे, आता मी भरती. मी नवी घ्या म्हटलं तर म्हणाले, ही माझ्या पोरीची हाय, हरवलीस तर कामावर येऊ नको."

मी इंजिनाचे हाताने दोन फेरे फिरवले, तिने पुन्हा मोजले, एकोणीस. चावी मी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं, आणि आवाज तुम्हाला आवडला असता असा होता. तिने बाटली पुसून माझ्यापुढे धरली. "घ्या. तुमची अमानत."

तुमच्या चाळिसाव्याला तिने माझ्याकडे तुमचे पाने मागितले होते. "वापरात राहतील," एवढंच म्हणाली होती. घरातली वस्तू घरात राहील, असं सांगून मी तिला चार माणसांत गप्प केलं, आणि एकवीस वर्षं ते पाने तेलाच्या फडक्यात बांधून कपाटात ठेवले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा ते गाडीच्या पुस्तकातच राहील, बेल्टच्या पानावर. आज जे दिलं-घेतलं ते लिहून ठेवते. तिच्याकडून मला: बाटली एक, अर्धी भरलेली. माझ्याकडून तिला: तुमचे पाने, त्याच फडक्यात बांधून, सहा. सेट सातांचा आहे हे तिला माहीत आहे. सतराचा मी ठेवून घेतला. तिने फडकं उघडून पाहिलं, आणि मोजलं नाही.