तीन बिऱ्हाडांचा मालक

४ मार्च
वही जानेवारीत आणली, लिहायला आज बसलोय. पण लिहिणार काय? परदेशातल्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालतो, त्याची कसली रोजनिशी. आता मात्र लिहिण्यासारखं झालंय. मी घर घेतोय. तिकडे, आपल्या गावात. एकावर एक तीन बिऱ्हाडं. तिघांनी भाडं द्यायचं, मी जग हिंडायचं. चाळीस वर्षं नोकरी करून एवढी साधी गोष्ट बाबांच्या डोक्यात आली नाही. अजून भाड्याच्या दोन खोल्यांत बसलेत, तिसऱ्या मजल्यावर, गुडघे चोळत. आणि भटक्या म्हणतात मला.

७ मार्च, दुपार
ताईला घर बघायला पाठवलं. फोन धरून व्हिडिओवर दाखवत होती. जिन्यात गिऱ्हाइकांची रांग, कोणी पायऱ्या मोजतंय, कोणी नळ सोडून बघतंय. खेडवळ लोक. ताई म्हणे मधल्या मजल्याच्या भिंतीला ओल आहे. म्हटलं ओल नाही, सावली आहे. ताईला सगळ्यात खोट दिसते, माझ्यात तर जन्मापासून. गच्ची मात्र झकास. दुर्बीण बसवावी. दोन तास नेटवर दुर्बिणीच बघत बसलो. घराची कागदपत्रं विचारायची राहिली.

८ मार्च
एजंटला मी लवकरसांगा म्हणतो, कारण त्याचा प्रत्येक फोन तिथेच संपतो. अकरा ऑफर आल्यात, माझी सातव्या नंबरावर. मालकीण रिटायर्ड शाळामास्तरीण. घर धंदेवाल्याला द्यायचं नाही म्हणते, कुटुंबाला द्यायचंय. लवकरसांगा म्हणाला, बाईंना एक पत्र लिहा, मनापासून.
मनापासून लिहायला बारा मिनिटं लागली. तळमजल्यावर माझे वडील राहतील, जन्म दुसऱ्याच्या घरात गेला, आता स्वतःच्या अंगणात खुर्ची टाकून बसू देत, वगैरे. माझेच डोळे भरून आले. तळमजला अर्थात एखाद्या बँकेला द्यायचा, खरं भाडं तिथेच. बाबांना फारच वाटलं तर गच्चीवरची खोली देऊ. जिन्याने व्यायाम होईल.

१२ मार्च
जिंकलो. दहा जण आपटले. दुसऱ्या नंबरवर कोणी दातांचा डॉक्टर होता, बसला असेल दात ओठ खात.
एक भानगड झाली. बाई म्हणजे बाई, खात्री करायला थेट बाबांना फोन लावला आणि अख्खं पत्र वाचून दाखवलं. रात्री बाबांचा मला फोन. दोन वर्षांत पहिला. म्हणाले, "घर बाहेरून बघून आलो. दोनच पायऱ्या आहेत. जमेल मला." मग जेवलास का विचारलं. फोन मीच ठेवला. बँकेचं नंतर सांगू, एवढी घाई काय.

१३ मार्च
राजीनामा दिला. घरमालकाने चादरी घडी करणं शोभत नाही. आमच्या सुपरवायझरला मी इस्त्री म्हणतो, चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नाही. तिला चांगलं पाच मिनिटं सुनावलं. ती एवढंच म्हणाली, एप्रन धुऊन जमा कर. लहान माणसं.

२ एप्रिल
बाबांनी घरमालकाला नोटीस दिली. एक मेला तिथे दुसरा भाडेकरू येतोय. ताई सांगत होती, आयुष्यात पहिल्यांदा ते शेजाऱ्यांपुढे माझं नाव घेतायत. घेणारच. मी स्पॅनिश शिकायला सुरुवात केलीय. तीन धडे झाले.

१७ एप्रिल
बँका कोण मूर्ख चालवतात? घरासाठी काढलेल्या लोनचे पैसे सोडण्याआधी शेवटचा फोन नोकरीच्या ठिकाणी करतात म्हणे. इस्त्रीने उचलला. सांगितलं, तो महिन्यापूर्वीच गेला, एप्रन अजून दिला नाही. लोन रद्द.
मी बँकेला समजावलं की नोकरी घरासाठीच सोडली. पलीकडची बाई म्हणाली, फाइलमध्ये तसा रकाना नाही.

१९ एप्रिल
लवकरसांगाने पहिल्यांदाच काही सांगा म्हटलं नाही. घर दातवाल्याला गेलं. ओल त्याच्या नशिबी. सुटलो.
बाबांना उद्या सांगतो.

२१ एप्रिल
आज सांगणार होतो, पण तिकडे त्यांची जेवणाची वेळ. जेवताना वाईट बातमी देऊ नये.

२४ एप्रिल
ताईने विचारलं, बाबांना सांगितलंस ना? हो म्हटलं. मनातल्या मनात तीनदा सांगून झालंय, वाक्यंसुद्धा पाठ आहेत. ताई म्हणाली बरं झालं, मी विषय काढत नाही, त्यांना लागलं असेल. ताईचा समजूतदारपणा नको तिथे उफाळतो.

२७ एप्रिल
बाबांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, अंगणासाठी खुर्ची घेतलीय, वेताची. रंग कुठला, मी विचारलं. 
खरं तर चूक त्यांची. एका पत्रावर कोणी घर सोडतं का?

२९ एप्रिल
उद्या नक्की. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी.

३० एप्रिल, सकाळी ११
उठायला उशीर झाला. चहा घेतला. लावणारच होतो, तेवढ्यात लवकरसांगाचाच फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाला, "दातांच्या डॉक्टरांनी मला नव्या घरी बोलावून घेतलंय. दारात सामानाचा टेम्पो उभा आहे. एक वयस्कर गृहस्थ आलेत. दोन पायऱ्या चढून वर येऊन बसलेत, आणि डॉक्टरांनाच म्हणतायत, पोरा, जरा कपाटाला हात लाव, हे माझ्या मुलाचं घर आहे."