बेल वाजलीच नाही

३ मे

ती. मामास, तुझ्या खारूचा सा. न. वि. वि.

संपली एकदाची सिरियल! तुझी सेकंड शिफ्ट, म्हणून दर आठवड्याला मी तुला स्टोरी लिहून पाठवली. दोनशे बारा एपिसोड! आणि शेवटी काय? पाच वर्षं न बोललेला भाऊ बहिणीच्या दारात येतो, बेलकडे बोट नेतो आणि डायरेक्ट नावं सुरू! मी रिमोट आपटला. आई म्हणाली, रिमोटने काय केलं? मग उठून धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

मला असा एंड चालणार नाही. म्हणून मी माझा लिहिलाय. भाऊ बेल दाबतो. वाजत नाही. कारण बहिणीने ती बंदच ठेवलीये. तीन इलेक्ट्रिशियन परत पाठवलेत. म्हणते, ज्याने लावली तोच दुरुस्त करेल. बेस्ट ना?

लोभ आहे तसाच ठेव, जमलं तर वाढव.

तुझी खारू

११ मे

चि. खारूस अ. आ.

सबस्टेशनवर सगळं ठीक. एक ट्रान्सफॉर्मर सारखा तापतो, तुझ्यासारखाच.

आमच्या स्टोअरकीपरनेही शेवटचा भाग पाहिला. त्याचं म्हणणं, इतक्या उशिरा आलेल्याने बेल न दाबलेलीच बरी. मी ट्रान्सफॉर्मर बघायला उठलो.

तुझा एंड वाचला. पण सिरियलमधला भाऊ बँकेत आहे, असं तूच लिहिलं होतंस. तो कशाला बेल लावत बसेल? बेल लावणारा भाऊ मला एकच माहीत आहे, तुझ्या बाबांच्या ऑपरेशनला न आलेला. तेव्हा सरळ सांग, हे डोक्यातून आलंय की घरातून?

मामा

१६ मे

ती. मामास सा. न.

पकडलंस! घरातून. तू लावलेली बेल दोन वर्षं बंद आहे. परवा बाबांनी चौथा इलेक्ट्रिशियन आणला. आईने त्याला चहा पाजून परत पाठवलं. बाबा म्हणतात, ऑपरेशन माझं झालं आणि रुसून बसलीत ही दोघं.

तुझ्यावर प्रेशर नाही. पण खरा एंड काय, ते कळव.

खारू

२० मे

चि. खारूस अ. आ.

रविवारी सकाळी दहाला येतो. टेस्टर आणतोय, स्टूल तुमचं. आईला म्हणावं, मी काम करताना मेन स्विचला हात लावू नकोस. मागच्या वेळचा झटका मी विसरलेलो नाही.

बेल वाजणार नाही, तेव्हा दार ठोकीन. उघडायला तू धावू नकोस.

मामा