निळ्या काठाचा कप

शुक्र., ६ नोव्हें. २००९, शारजा
मंदी आहे, पण मुलाची, सतीशची, नोकरी याही महिन्यात टिकली. शेजारचे बिऱ्हाड मात्र कायमचे पुण्याला गेले. सूनबाईंनी खिचडी केली, बरे वाटले.
नात सई, अकरावीत. शाळेसाठी अमेरिकेचा इतिहास लिहिते, मला मराठीत सांगते. जमावाने एका काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून झाडाला टांगले. किल्ली फौजदारानेच दिली. शिक्षा कोणालाच नाही. आणि हिला पुढे तिथेच शिकायचे आहे!  रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, आठवेना.

रवि., ८
रविवारी इथे शाळा असते; आज सईने पुस्तकातला नळांचा फोटो दाखवला. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा. म्हटले, "काय माणसे ही!"
"आजोबा, तुमच्या गावात होतं असं काही?"
"छे! आपल्याकडे नाही."
तिने लगेच लिहिले, 'ग्रँडफादर सेज नो.' लिहायला नको होते.

मंगळ., १०
युसुफ, बिल्डिंगचे जिने पुसणारा, बांगलादेशचा. रोज दारात चहा देतो त्याला. "चाचा, चीनी कम है. भाभी डाएट पे हैं क्या?" हसलो. मागे सई.
"आजोबा, निळ्या काठाचा कप बाहेर गॅलरीत का असतो?"
"आत जागा नाही."
"आत सहा रिकामे आहेत." एवढेच बोलून गेली.
युसुफचा तो कप मीच वेगळा ठेवला, इथे आलो त्याच आठवड्यात. कोणी सांगितले नव्हते.

शुक्र., १३
दोन दिवस धीर होईना. आज सईला बसवून सांगितले. गावी परसात कान तुटलेला कप असे, लाकडे फोडणाऱ्या गोविंदाचा. खालच्या जातीचा म्हणून. एकदा त्याने आमच्या विहिरीचे पाणी काढले. गावाने त्याला चावडीसमोर बांधून बेदम मारले. फौजदार आला, आमच्याकडे जेवला, गेला.
"तुम्ही काय केलं?"
"मी पंगतीत वाढत होतो."
म्हटले, ते 'नो' खोड. म्हणाली, "खोडत नाही. खाली पुढचं लिहिते." तुमचे नाव घालू का, विचारले. उद्या सांगतो म्हटले. हलके वाटले, जेवणही नीट गेले.

शनि., १४
युसुफला आतल्या कपात चहा दिला. कप फिरवून पाहिला त्याने.
"मेरा वाला टूट गया क्या, चाचा?"
म्हणजे त्याला पहिल्यापासून...
सई टेबलाशी वही उघडून. माझ्या नावाची जागा अजून कोरी. वही उद्या द्यायची आहे.