काउंटरवरच्या बाईचा नंबर

दवाखान्यावरची खोली,
रविवार, ४ मे

चि. गुंड्या यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पानंच्या पानं तुझ्या छातीतल्या धडधडीवर, आणि तळाशी दोन ओळींत तुझी बायको, शिवणाचं दुकान आणि उरलेलं सगळं जग! वाचताना आधी काळजात चर्र झालं. मग शेवटी कळलं की त्या दिवशी तू उपाशीपोटी कडक चहा ढोसला होतास, एकामागून एक. तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारून घेतला.

तुमच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या मुलीने तुला तातडीची अपॉइंटमेंट दिली नाही म्हणून तू तिच्या नावाने खडे फोडतोस. अरे, तिच्या जागी मी असते तर मीही दिली नसती. इथे काउंटरवर बसून माझे केस पांढरे झाले. दार उघडायच्या आधीच फोन खणखणायला लागतो. डॉक्टरीणबाईंनी रोजचे मोजके नंबर तातडीच्या पेशंटसाठी राखून ठेवलेले असतात, बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यांतला नेहमीचा नंबर घ्यायचा. कोणाला कुठे घालायचं ते मी विचारून ठरवते. काय होतंय, कधीपासून होतंय, आणि वाढतंय का. बस्स, एवढंच. पण प्रत्येकाला आपलंच दुखणं तातडीचं वाटतं. परवा एकाने पायाच्या कुरुपासाठी तातडीचा नंबर मागितला, का तर दुपारी नवे बूट घालून कुठेतरी मिरवायचं होतं.

तेव्हा नीट ऐक. श्वास अडकला, रक्त थांबेना, जीभ अचानक जड झाली, दिसेनासं झालं, तर ते तातडीचं. चहाची धडधड त्यात येत नाही. हे दुकानातल्या आरशावर चिकटवून ठेव.

आणि पुन्हा सांगते, मला घरी फोन करत जाऊ नकोस. दिवसभर फोनवर बोलून माझे कान किटतात. खोलीत आले की पहिली मी त्या यंत्राची वायर काढून ठेवते. काय ते पत्रात लिही, पत्र निदान मध्येच बोलत नाही.

मी ठणठणीत आहे. उजव्या डोळ्यापुढे मधूनच काहीतरी चमकतं, कोणी फोटो काढावा तसं. या वयात माझे फोटो काढणारा कोण निघाला याचीच उत्सुकता आहे! चष्म्याचा नंबर बदलला असेल.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, आणि तुझा चहा तोडायचे सर्वाधिकार. माझा लोभ तुझ्यावर आहेच, तू तो रोज तपासून बघू नकोस.

तुझी,
ताई

*

गुरुवार, ८ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता इतकी हसली की शेजारचा चांभार काय झालं म्हणून बघायला आला. सख्ख्या बहिणीने असं लिहावं? माझी धडधड थांबली आहे, पण डाव्या पोटरीत गोळा येतो. ही म्हणते, दिवसभर शिवणाच्या मशीनला पाय मारल्यावर गोळा नाही तर काय येणार. घरात माझ्या बाजूचं कोणी नाही.

तो ‘घरातला डॉक्टर’ नावाचा जाडजूड ठोकळा हिने कापडाच्या ताग्यांमागे लपवून ठेवला होता, तो मला सापडला. तू हसशील, पण त्यातले बाळंतपण सोडून सगळे आजार मला होऊन गेले आहेत. काल डोळ्यांचं प्रकरण काढलं आणि घाबरून अर्ध्यातच मिटलं. ताई, ती चमक मला बरी वाटत नाही. तू डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर राहतेस, त्यांच्या दारात बसतेस, आणि तुला डोळा दाखवायला सवड नाही? मी तुझ्या जागी असतो तर एव्हाना त्यांनी मला ओळखून दार लावून घेतलं असतं.

मस्करी राहू दे. दाखव एकदा. माझ्यासाठी दाखव.

हिचा नमस्कार. माझ्यावरचा लोभ असाच असू दे, फक्त जिभेची धार थोडी कमी कर.

तुझा,
गुंड्या

*

दवाखान्यावरची खोली,
सोमवार, १२ मे

चि. गुंड्या यास अ. उ. आ.

झालं तुझं समाधान? तुझ्या आग्रहाखातर मी माझा नंबर लावला. तातडीचा नव्हे हं, नेहमीचा, सगळ्यांसारखा रांगेच्या शेपटाशी. पण शनिवारी बेकरीवाले काका इतके खोकत आले की काउंटरवरचे कागद उडाले. त्यांना फार लांबचा नंबर मिळत होता, माझा त्याच्या आधीचा होता, तो त्यांना दिला आणि मी पुन्हा शेपटाशी गेले. आता महिनाअखेरीला बघू.

तू म्हणशील, जिन्यात गाठून का विचारत नाहीस? नाही विचारणार. समोरच्या बाकांवर माणसं सकाळपासून ताटकळतात, माझ्याकडे टक लावून बसतात. मी वशिला लावत नाही यावर त्यांचा विश्वास आहे, म्हणून तर नाही म्हटलं तरी ऐकून घेतात. आमच्याकडे बँडमास्तर येतात, निवृत्त झाले तरी मिशा अजून परेडवर. त्यांना मी आजवर कितीदा परत पाठवलंय. उद्या तेच म्हणतील, काउंटरवरच्या बाईने स्वतःची वर्णी बरी लावून घेतली! ते मला सोसणार नाही.

आणि चमकणं तर थांबलंसुद्धा. आता एवढंच, की उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडदा ओढल्यासारखं दिसतं. परवा कडेला होता, आज थोडा आत सरकलाय. फोनच्या बाजूला बसलेला माणूस दिसायला मान वळवावी लागते. तेवढाच मानेला व्यायाम! खरं सांगू, सकाळी उठल्या उठल्या जरा धास्तावायला होतं. मग फोन वाजायला लागतो आणि विसरते.

तुझ्या पोटरीला माझा नमस्कार सांग. तुम्हा दोघांची आठवण काढते, ती पोचत असेलच.

तुझी,
ताई

*

बुधवार, १४ मे, सकाळ

ती. ताईस सा. न. वि. वि.

आत्ताच फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. पडद्यापाशी आलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तक काढलं, या खेपेला प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. आधी चमक, मग पडदा, म्हणजे डोळ्याच्या आतला पापुद्रा सुटत चाललाय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर डोळा जातो, असं स्वच्छ छापलंय. हिलाही वाचायला दिलं. ती हसली नाही, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तुला फोन लावला, पण तुझी वायर काढलेली. दवाखाना बंद झालेला. रात्र कशी काढली ते विचारू नकोस.

सकाळी तुझ्या काउंटरवर फोन करायचा ठरवलं, पण मी बोलतोय म्हटल्यावर तू काय करशील ते मला पक्कं ठाऊक. जन्मभर मी लांडगा आला म्हणून ओरडत आलोय, माझं कोण ऐकणार? म्हणून आवाज ओळखू येऊ नये यासाठी तोंडात टाचण्या धरल्या. दुकानात माप घेताना मी तसाच बोलतो, गिऱ्हाइकांना अर्धं कळत नाही. टाचणी गिळली तर काय, हा विचार एरवी मला रोज छळतो. आज तो मनाला शिवलाही नाही.

तू उचललास. काय तुझा तो दवाखान्यातला आवाज, मी एकदम ताठ उभा राहिलो! एका बाईंसाठी नंबर हवाय म्हणून सांगितलं. काय होतंय विचारलंस, मी चमक आणि पडदा सांगितला. कधीपासून ते सांगितलं. वाढतोय का म्हणालीस, हो म्हटलं. त्यावर तू अशी कडाडलीस! एवढे दिवस बाईला घरात बसवून काय करत होता, अक्कल गहाण ठेवली होती काय, आजच्या आज आणा, आल्या आल्या आत पाठवते. आणि मग पेशंटचं नाव विचारलंस.

मी टाचण्या काढल्या आणि तुझं नाव सांगितलं.

पलीकडून नुसता बाकावरच्या कोणाचा तरी खोकला मला ऐकू आला. मी म्हटलं, ताई, आजच जा, आत्ता उठ. तू फोन ठेवलास. नंतर लावला तर नुसता एंगेज.

तू उठलीस की पुढचा फोन घेतलास, मला काही कळत नाही. रागाव, वाटेल ते बोल, पुन्हा पत्र लिहू नकोस हवं तर. पण दाखव गं. तू सोडून माझं थोरलं कोणी उरलं नाही. हे पत्र टाकतो आणि आम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीने तिकडे निघतोय.

तुझा,
गुंड्या

*

डॉक्टरीणबाईंचं घर, मागची खोली,
मंगळवार, २७ मे

चि. गुंड्या यास अनेक उत्तम आशीर्वाद, आणि ते भरपूर.

काल तुम्ही दोघं परत गेलात आणि खोली रिकामी झाली, म्हणून लिहायला घेतलं. अक्षर वाकडं आहे कारण मी मान खाली घालून लिहितेय. डोळ्यात हवेचा बुडबुडा भरलाय, तो जागच्या जागी राहायला मान खाली हवी. जिने जन्मभर मान ताठ ठेवली तिला ही शिक्षा! डॉक्टरीणबाईंनी मला बरी होईपर्यंत आपल्या घरी ठेवून घेतलंय, त्या येता-जाता माझ्या मानेवर नजर ठेवतात, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा कडक आहे.

त्या सकाळचं तुझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून लिहिते. तुझा फोन ठेवला आणि मला असा संताप आला की विचारू नकोस. नाव मी अर्धं लिहून बसले होते. पुढचा फोन वाजायला लागला, हात तिकडे गेलासुद्धा. तेवढ्यात बँडमास्तर पुढे आले. माझा आवाज त्यांनी बाकावरून ऐकला होता. कोण एवढं आजारी आहे, असं विचारलं. मी नुसतं स्वतःकडे बोट दाखवलं. त्या माणसाने काउंटरवर हात टेकून सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं सांगितलं की आता आत बाई जाणार, ज्याला हरकत असेल त्याने त्यांच्याशी बोलावं. कोणी हूं की चूं केलं नाही. बेकरीवाल्या काकांनी तर मला दारापर्यंत हाताला धरून नेलं, आणि फोन बँडमास्तरांनी घेतले. ऐकतेय की त्यांनी त्या दिवशी सगळ्यांनाच तातडीचे नंबर दिले!

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बघितलं. गाडीची किल्ली उचलली आणि भरला दवाखाना टाकून मला स्वतः डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेल्या. पुढचं तुला माहीतच आहे. एक तेवढं तुला सांगितलं नव्हतं. ऑपरेशन करणारे म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत थांबला असतात तर या डोळ्याने पुन्हा काही दिसलं नसतं.

तो राग टिकला नाही रे. रडले, आणि तेही डोळ्याला चालत नाही म्हणून अर्धंच. फोनवर मी आजवर किती जणांना आजच या म्हणून दरडावलं असेल, देव जाणे. संध्याकाळी वर जायचं, आपणच आपला दिवा लावायचा, आणि कोणाला काही सांगायचं नाही, अशी सवय होऊन गेली होती. मला आजच जा म्हणणारं कोणी नव्हतं. तू म्हणालास, आणि म्हणताना तुझा आवाज फाटला, तो अजून माझ्या कानात आहे.

तुझ्या बायकोला जवळ घेऊन आशीर्वाद सांग. तुझी माया मला लागते, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझीच,
ताई