कोळशाची पाटी

परंडा
१२ जानेवारी २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम.

इकडं सगळं ठीक. आजीचा खोकला अजून आहे, औषध चालू आहे. उमरग्याला थंडी कशी आहे? फोनवर आजीचा विषय निघाला की तुम्ही "ठेवते" म्हणता, म्हणून हे पत्र.

मला एक विचारायचंय. परवा डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "सरुबाई, धुराचं काम केलंय का कधी?" आजी म्हणाली, "केलंय की. कोळसा पाडून इकायचो आमी." मी तिच्याकडं बघतच राहिले. घरात हे कुणीच कधी बोललं नाही!

मग तिच्या मागंच लागले. बाभळीची लाकडं रचायची, वरून माती लिंपायची, आत आग धुमसत ठेवायची. कोळसा निघाला की पाटी डोक्यावर घेऊन गावाहून पायी इथल्या बाजारात. इस्त्रीवाले घ्यायचे, सोनार घ्यायचे. "हाटेलवाले आमाला बाहीरच उभं करायचे," आजी हसली, "पर आमचा कोळसा त्यांच्या च्याखाली चालायचा."

तुम्हीही पाटी उचलली होती का, आत्या?

आजीला हेच विचारलं, तर गोधडी ओढून कुशीवर वळली. जेवणं झाल्यावर आपणहून बोलली.

"तुजी आत्या, भागी, तवा हायस्कुलात हुती. मैतरणींसंगं बाजारातनं चालली हुती. मला बघून 'आई' म्हनून हाक मारली तिनं. म्या तोंड फिरवलं."

"का गं?"

"म्या कोळशानं बरबटलेली. कोळसेवालीची पोरगी म्हनून चिडवलं असतं तिला. तिला वाटलं, आईला तिची शाळा बघवंना. तवापासनं जवळ बसली न्हाय."

"मग सांगायचं ना तिला!"

"लई डाव तोंडावर आलं. न्हाय निघालं."

तुम्ही येता, उभ्यानं चहा घेता, बस गाठता. मला वाटायचं, तुम्हाला घाई असते.

खोकल्याचं मी वर हलकं करून लिहिलं. फुप्फुसं पार थकलीत. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

काल विचारलं, "आत्या आली तर काय करशील?" म्हणाली, "समद्या बाजाराला ऐकू जाईल आशी हाक मारीन." पण आत्या, एवढं बोलतानाही ती दोनदा थांबली. तिची हाक आता दारापर्यंतसुद्धा पोचत नाही. तुम्हीच जवळ या.

आजीच्या उशाशी बसून तुमची वाट बघणारी,
श्रावस्ती