तीस हजार अंश

लमीन,

शोरबा पातेल्यात आहे, तुझे बाबा आले की फक्त गरम कर. पाव फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मी ओरान शहरातच आहे, बहिणीकडे.

कुणीतरी तुला फोनवर दाखवेलच, त्याआधी माझ्याकडून ऐक. गोष्टीतला कोणता वीर कुणाला हरवेल यावर भांडणाऱ्या आमच्या फोनवरच्या ग्रुपवर वाद पेटला होता. गोष्टीतल्या एका वीराने अंगावर वीज झेलली, वीज तीस हजार अंश तापते, म्हणजे हा लाव्ह्यातही पोहेल, असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, गाढवांनो, वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, तेवढ्यात ती भाजणार किती? कुणी ऐकेना. तेव्हा मी तुझ्या बाबांचा फोटो टाकला. 'हे मेंढपाळ काका. माळावर यांच्यावर वीज पडली, साधा फोडही आला नाही. आता सोडा बघू यांना लाव्ह्यात.'

वाद मी जिंकलो. पण आता त्यांनी काकांनाच पात्र करून टाकलंय. ते कुणाला हरवतील यावर पैजा चालल्यात. फोटो मी काढून टाकला, पण पसरायचा तो पसरला.

त्यांचा उजवा हात तेव्हापासून मिटत नाही, हे मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझा मुद्दा पडला असता.

डाव्या हाताने खावं लागतं म्हणून ते परक्यांसमोर जेवत नाहीत. आपल्या दोघांच्या खोलीवर जेवतात, कारण मला घरचा धरतात. आज त्यांना पोटभर जेवू दे. समोर परका कुणी नको, म्हणून मी निघालो.

झुबेर